गवताच्या गाठी: घरी बांधाव्यात की विकत घ्याव्यात?

रानात गवत उभं आहे, दावणीला जनावरं आहेत आणि पुढे चाऱ्याचे कोरडे महिने आहेत. गवत कापून, वाळवून, त्याच्या गाठी (दाबून बांधलेले गठ्ठे) बांधून ठेवायच्या की सरळ विकत आणायच्या? बहुतेक जण उत्तर एका गाठीच्या भावावरून काढतात. विकत घेतली तर गाठ एवढ्याला पडते, घरी केली तर डिझेल आणि सुतळी मिळून त्याच्या निम्म्यात होते, म्हणजे घरची स्वस्त. हा हिशोब खोटा नाही, पण अर्धा आहे. गाठी बांधायला घेतल्या की जनावरांच्या जोडीला यंत्रांचा आणि हवामानाचा असा दुसरा धंदा अंगावर येतो. तो आपल्याला पेलतो का हे आधी बघायचं, गाठीचा भाव नंतर.

सुरुवात मात्र गव्हाणीपासून करावी लागते, कारण किती टन लागणार हे ठाऊक नसेल तर पुढचं सगळं बोलणं हवेत राहतं. जनावर दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण २ ते २.५ टक्के चारा खातं, तोही पाणी पूर्ण वजा करून मोजलेला. भरपूर दूध देणारी गाय ३ टक्क्यांच्या वर जाते. ५०० किलोची गाय धरली तर हा आकडा १२ किलोच्या आसपास येतो. चांगल्या वाळलेल्या गवतातही १५ टक्के पाणी असतंच, म्हणजे प्रत्यक्षात १४ किलो गवत. त्यातलं काही पायाखाली जातं, काही जनावर नाक लावून सोडून देतं. ही नासाडी १५ टक्के धरली तर दिवसाला साडेसोळा किलो बाहेर काढावं लागतं. असे १५० दिवस काढायचे असतील तर एका गाईमागे अडीच टन. दहा गाईंना २५ टन, चाळीस गाईंना १०० टन. सोबत हिरवा चारा किंवा मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला चारा) असेल तर तेवढं वजा करा. पण आपला आकडा टनात काढा, गाठींत नको. का, ते पुढे येईल.

वाळवणं म्हणजे पाणी उडवणं

घरी गाठी करणाऱ्याचं खरं काम गवत कापणं नसून पाणी उडवणं आहे, आणि ते पाणी किती असतं याचा अंदाज फार थोड्यांना असतो. उभ्या हिरव्या गवतात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. १५ टक्के ओलाव्याचं एक टन वाळलं गवत हवं असेल तर ८० टक्के ओलाव्याचं सव्वाचार टन हिरवं गवत कापावं लागतं. म्हणजे प्रत्येक टनामागे सव्वातीन टन पाणी उन्हाने आणि वाऱ्याने शेतातल्या शेतात न्यायचं. त्याला साधारणपणे तीन-चार कोरडे दिवस सलग लागतात. हवेत दमटपणा असेल तर जास्त.

कापलं की गवत लगेच मरत नाही. त्याच्या पेशींचं श्वसन चालू राहतं आणि त्यात साठलेली साखर जळत राहते. ओलावा ४० टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत हे थांबत नाही. म्हणून पहिले काही तास सगळ्यात मोलाचे. पानांवरची सूक्ष्म छिद्रं उजेडात उघडी असतात तोवर पाणी झपाट्याने निघतं. अशा वेळी गवताची अरुंद, उंच ओळ पडली तर वरचं वाळतं आणि आतलं घामेजून बसतं. कापलेलं गवत जितकं पसरट पडेल तितकं बरं, कापलेल्या पट्ट्याची निदान दोन तृतीयांश रुंदी तरी झाकली जावी. नंतर उरतं ते काडीतलं पाणी, आणि ते हट्टी असतं. काही कापणी यंत्रांत काडी चेपणारे रूळ असतात ते यासाठीच. लसूणघासासारख्या जाड काडीच्या पिकात या रुळांमुळे बराच वेळ वाचतो.

इथे एक पेच येतो. काडी वाळायची वाट बघावी तर पान आधीच कुरकुरीत झालेलं असतं. द्विदल चाऱ्यात प्रथिनांचा मोठा भाग पानांत असतो, आणि भर उन्हात ते हलवलं की पान गळून मातीत जातं. गाठीत उरतात काड्या. म्हणून अनुभवी माणसं पालटणी (गवत उलटवणं) आणि ओढणी (ते ओळींत गोळा करणं) सकाळी, थोडं दव अंगावर असताना करतात.

पावसाचंही तसंच. कापल्या कापल्या आलेली एखादी सर गवत बऱ्यापैकी सोसतं. वाळत आलेल्या गवतावर आलेली तेवढीच सर फार महागात पडते. पेशी मेलेल्या असतात, विरघळणारी साखर आणि क्षार पाण्याबरोबर धुऊन जातात, आणि पुन्हा वाळवण्यासाठी पालटताना पान झडतं ते वेगळंच. असं गवत दिसायला पिवळट असतं, पोटही भरतं, पण त्यावर जनावर अंग धरत नाही.

मग गाठ कधी बांधायची? लहान चौकोनी गाठीला १८ ते २० टक्के ओलावा चालतो. मोठ्या गोल गाठीला १६ ते १८ आणि मोठ्या घट्ट चौकोनी गाठीला १४ ते १६ टक्के. गाठ जितकी मोठी आणि दाबून बांधलेली, तितकी आतली वाफ आणि उष्णता अडकून राहते, म्हणून मर्यादा खाली येते. हाताने पीळ देऊन अंदाज बांधणारे पुष्कळ आहेत आणि त्यातल्या काहींचा अंदाज अचूकही असतो. नवख्याने मात्र ओलावा मोजणारी सळई वापरावी. तीही नसेल तर १०० ग्रॅम गवत मायक्रोवेव्हमध्ये थोडं थोडं तापवून वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवावं. ८२ ग्रॅम उरलं तर ओलावा १८ टक्के. मायक्रोवेव्हमध्ये गवताशेजारी एक पेला पाणी ठेवायला विसरू नये, नाहीतर गवत पेट घेतं.

पेट घेण्यावरून आठवलं, ओली गाठ छपराखाली रचली तर तिला बाहेरून काडी लावायची गरज उरत नाही. आतले सूक्ष्मजीव वाढू लागतात, त्यांच्या वाढीने उष्णता होते. ताजी गाठ पहिले काही दिवस ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापली तर घाबरायचं कारण नाही, ती नंतर निवते. त्याच्या वर गेलं की साखर आणि प्रथिनं एकमेकांत अडकू लागतात. गवत तपकिरी होतं, त्याला तंबाखूसारखा किंवा जळक्या साखरेसारखा गोडसर वास येतो. गंमत अशी की जनावरं ते आवडीने खातात. मालकाला वाटतं गवत उत्तम आहे, पण त्यातलं बरंचसं प्रथिन आता पचणारं राहिलेलं नसतं. ६५ अंशांच्या वर रोज तापमान बघायचं, ७० च्या वर दर काही तासांनी. ८० ला पोचलं तर अग्निशामक दल बोलवायचं आणि ते येईपर्यंत गंजीला हात लावायचा नाही. गाठी ओढून मोकळ्या करायचा मोह होतो, पण आत हवा शिरली की जे धुमसतंय ते भडकतं. अशा आगी बहुधा रचल्यानंतर दोन ते सहा आठवड्यांत लागतात, म्हणजे सगळं पार पडलं असं वाटू लागतं तेव्हा.

घरचं म्हणजे चांगलंच, असं नाही

घरच्या गाठींची बाजू घेणारे एक मुद्दा हमखास मांडतात: कापणी कधी करायची हे आपल्या हातात असतं. मुद्दा बरोबर आहे. गवताची प्रत ठरवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कापताना त्याचं वय. पोटरीत असलेलं (कणीस अजून पानाच्या वेढ्यात असलेलं) किंवा नुकतंच निसवू लागलेलं, म्हणजे कणीस बाहेर पडू लागलेलं गवत कापलं तर त्यात १२ ते १५ टक्के प्रथिनं मिळू शकतात. बी धरल्यावर तेच गवत ६-७ टक्क्यांवर येतं. वजन वाढलेलं असतं, गाठी जास्त निघतात, डोळ्यांना समाधान होतं. पण प्रथिनं ७ टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातल्या (गाईच्या पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यातल्या) सूक्ष्मजीवांनाच पुरेसं खायला मिळत नाही. ते मंदावले की चारा पचायला वेळ लागतो, पोट रिकामं होत नाही आणि जनावर खाणं कमी करतं. गव्हाण भरलेली आणि गाय खंगलेली, असं चित्र दिसतं ते यामुळे. मधल्या महिन्यांतल्या गाभण भाकड गाईचं ७ टक्क्यांवर भागतं. विण्याच्या जवळ आलेली गाय, दूध देणारी गाय आणि वाढीला लागलेली कालवड, यांचं भागत नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं? ज्याचा मुख्य व्याप जनावरांचा आहे, त्याचं गवत नेमकं उशिरा कापलं जातं. पोटरीच्या आठवड्यात पाऊस असतो, किंवा दुसऱ्या पिकाची घाई असते, किंवा बेलरची (गाठी बांधणाऱ्या यंत्राची) सुतळीला गाठ मारणारी कळ बिघडलेली असते आणि सुटा भाग यायचा असतो. दोन आठवडे जातात. माझं स्पष्ट मत आहे की हौसेने गाठी करणाऱ्यापेक्षा ज्याचं पोट गाठींवर आहे त्याचं गवत सरासरीने बरं निघतं. त्याची यंत्रं मोठी असतात, चार कोरड्या दिवसांची संधी तो पूर्ण वापरतो आणि गिऱ्हाईक परत यावं याची त्याला काळजी असते. ‘घरचं’ या शब्दाला आपण स्वयंपाकघरात जी किंमत देतो, ती इथे आपोआप लागू होत नाही.

लोखंडाचा हिशोब

कापणी यंत्र, पालटणी आणि ओढणीचं यंत्र, बेलर, ते सगळं ओढणारा पुरेशा ताकदीचा ट्रॅक्टर, गाठी उचलायचं आणि वाहायचं साधन. यातलं काहीही वर्षातले मोजके दिवस चालतं आणि उरलेलं वर्ष उभं राहतं. उभं असतानाही ते पैसे खातं: घसारा, गुंतवलेल्या पैशाचं व्याज, विमा, छप्पर. हा स्थिर खर्च. एक गाठ केली काय आणि हजार केल्या काय, तो तेवढाच. डिझेल, सुतळी किंवा जाळी, पाती, दुरुस्ती, मजुरी आणि जमिनीतून गेलेलं खत हा चालू खर्च, तो टनांबरोबर वाढतो.

भाव जागोजागी आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून हा हिशोब पैशांत न करता गवतातच करून बघावा, तो कुठेही चालतो. विकतच्या एका टनाची किंमत म्हणजे १. समजा, आपल्या यंत्रांचा वर्षाचा स्थिर खर्च ३० टन विकतच्या गवताइतका येतो, आणि घरचा एक टन करायला चालू खर्च ०.५५ टनाच्या किमतीइतका येतो. म्हणजे घरच्या प्रत्येक टनामागे ०.४५ वाचतात. ३० ला ०.४५ ने भागा: ६७ टन. एवढं गवत दरवर्षी केलं तर बरोबरी होते, नफा त्याच्या पुढे. दहा गाईंच्या २५ टनांसाठी हेच यंत्र वापरलं तर खर्च ३० अधिक पावणेचौदा, म्हणजे जवळजवळ ४४ टनांच्या किमतीत २५ टन हाती येतात. चाळीस गाईंच्या १०० टनांसाठी ८५ मोजावे लागतात आणि १५ वाचतात. हे आकडे उदाहरणाचे आहेत. आपले घाला, रीत तीच राहील.

जुनी यंत्रं घेऊन स्थिर खर्च पाडता येतो, आणि लहान कळपाने स्वतःची यंत्रं घ्यायचीच ठरवली तर तोच एक शहाणपणाचा मार्ग आहे. स्थिर खर्च १२ वर आला आणि जुनेपणामुळे चालू खर्च ०.६५ झाला, तर बरोबरी ३४ टनांवर येते. फक्त हे गणित वेल्डिंग आणि बेअरिंग स्वतः बदलू शकणाऱ्याचं आहे. जुना बेलर बिघडतो तो नेहमी गवत ओळीत पडलेलं असताना आणि आभाळ भरून आलेलं असताना, कारण तो चालतोच तेव्हा.

हिशोबातून हमखास सुटतात अशा दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे स्वतःचा वेळ. मजूर लावला तर त्याचे पैसे मांडतो, स्वतः राबलो की शून्य लिहितो. दुसरी म्हणजे जमीन. ज्या रानात गवत वाळवायचं तिथे जनावरं चारता आली असती. जनावर स्वतः चालत जाऊन खातं तेव्हा कापणी, वाहतूक आणि शेणखत पसरणं ही तिन्ही कामं ते फुकटात करतं. अनेक ठिकाणी लहान कळपाला परवडणारी वाट हीच निघते की आपली सगळी जमीन चराईला ठेवायची, चराई पाळीपाळीने करून तिचे दिवस लांबवायचे आणि कोरड्या दिवसांपुरतं गवत विकत घ्यायचं.

गाठीबरोबर जाणारं खत

हा भाग मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि हाच सगळ्यात कमी बोलला जातो. एक टन वाळलं गवत शेतातून उचललं की त्याबरोबर साधारण २० किलो नत्र, ५ ते ६ किलो स्फुरद आणि २० ते २५ किलो पालाश जातं. ५० टनांचा गुणाकार केला तर नत्र आणि पालाश प्रत्येकी एक टन किंवा त्याहून जास्त. दरवर्षी. पालाशाचं नुकसान फसवं असतं, कारण पहिली काही वर्षं ते दिसत नाही. मग गवत विरळ होतं, लसूणघास आणि इतर द्विदल आधी मरतात, तण शिरतं, आणि मालक म्हणतो बियाणं जुनं झालं.

प्रौढ जनावर खाल्लेल्या चाऱ्यातलं स्फुरद आणि पालाश स्वतःसाठी फार थोडं ठेवतं. बाकीचं शेण आणि मुतातून बाहेर येतं. पालाश तर मुख्यतः मुतातून येतं, त्यामुळे फक्त शेण गोळा करून मूत वाहू दिलं तर निम्मं खत गटारात गेलं. नत्राचा काही भाग अमोनिया होऊन उडतो, तो पूर्ण अडवता येत नाही.

आता हे दोन्ही बाजूंनी लावून बघा. लांबच्या रानातलं गवत कापून गोठ्याशी खाऊ घातलं आणि शेणखत गोठ्याजवळच्या तुकड्यातच पसरलं, तर आपण दरवर्षी एका शेताची सुपीकता दुसऱ्या शेतात वाहून नेतो. एक शेत खंगतं, दुसरं माजतं. उलट विकतची गाठ आली की तिच्यातून दुसऱ्या कुणाच्या जमिनीतलं नत्र, स्फुरद आणि पालाश आपल्या जमिनीत येतं, आणि जनावराच्या पोटातून गेल्यावर ते बहुतांश आपलंच होतं. तेवढ्या खताची किंमत गाठीच्या भावातून वजा केली तर विकतचं गवत दिसतं तितकं महाग राहत नाही. हलक्या, पिकून पिकून दमलेल्या जमिनीच्या मालकाने तर गवत विकत घेण्याकडे खतखरेदीचाच एक प्रकार म्हणून बघावं. काही पशुपालक गाठी थेट चराईच्या रानातच ओळीने मांडून जनावरांना एकेक ओळ खुली करून देतात. शेण, मूत आणि सांडलेलं गवत जिथे हवं तिथेच पडतं.

विकत घेताना

गाठ हे माप नाही. गोल गाठीचा व्यास १.२ मीटरऐवजी १.५ मीटर असेल तर रुंदी आणि घट्टपणा तोच धरूनही तिच्यात ५६ टक्के जास्त गवत मावतं, आणि उभ्या माणसाला दोन्ही सारख्याच दिसतात. त्यात कुणी सैल बांधतं, कुणी घट्ट. म्हणून वजनकाट्यावर घ्या. निदान चार-पाच गाठी तोलून सरासरी काढा. वजनातही पाणी धरावं लागतं: १२ टक्के ओलाव्याच्या टनात ८८० किलो चारा येतो, २० टक्क्यांच्या टनात ८००. भाव एकच असेल तर दुसऱ्या विक्रेत्याने ८० किलो पाणी विकलं.

वजनानंतर प्रत. हिरवा रंग चांगला, पण रंगावर सगळा भरवसा नको. वरून उन्हाने पांढुरकी पडलेली गाठ आत उत्तम असू शकते. एक गाठ उघडायला लावा. ओंब्या आणि बी किती आहे ते बघा, त्यावरून कापणीचं वय कळतं. पान काडीला धरून आहे का बघा. हात खोल घालून ऊब लागते का, वास कसा आहे, धुरळा उडतो का. मोठी खरेदी असेल तर एका रानातून एका कापणीत आलेल्या गाठींपैकी १५-२० गाठींत पोकळ सळई घालून नमुने काढावेत आणि एकत्र करून प्रयोगशाळेत पाठवावेत. प्रथिनं आणि पचायला जड तंतू यांचे आकडे हाती आले की दोन विक्रेत्यांची तुलना खरी होते. १२ टक्के प्रथिनांचं गवत थोडं महाग पडलं तरी ७ टक्क्यांच्या गवताबरोबर द्यावी लागणारी पेंड धरली की ते बहुधा स्वस्तच निघतं.

बाहेरच्या गवताबरोबर बाहेरच्या भानगडीही येतात. तणाचं बी येतं, आणि एकदा शिरलेलं तण वर्षानुवर्षं सोबत करतं. तारेचे तुकडे आणि खिळे येतात. गाय चावून निवडून खात नाही, त्यामुळे ते सरळ पोटात जातात आणि जाळीपोट (पोटाचा हृदयाजवळचा कप्पा) भेदून हृदयापर्यंत पोचू शकतात. काही तणनाशकं, विशेषतः अमिनोपायरॅलिड आणि क्लोपायरॅलिड, गवतात टिकतात, जनावराच्या पोटातूनही न बिघडता जातात आणि शेणखतात उतरून टोमॅटो, शेंगवर्गीय भाज्या वाकड्या करतात. जनावराला त्रास होत नाही म्हणून ते लक्षात येत नाही. रानात काय फवारलं होतं, एवढा एक प्रश्न विक्रेत्याला विचारायला काही लागत नाही.

दुष्काळात वाढ खुंटलेल्या ज्वारीवर्गीय चाऱ्यात नायट्रेट साठतं, ते वाळवून जात नाही. याच वर्गातल्या कोवळ्या चाऱ्यातलं सायनाइडचं विष मात्र नीट वाळवलं की बरंचसं उडून जातं. दोन्ही विषं एकाच पिकात भेटतात म्हणून लोकांची गल्लत होते आणि ‘वाळलंय, आता काही होत नाही’ असं म्हणून नायट्रेटचं गवत खाऊ घातलं जातं.

बुरशीचं गवत तर अर्ध्या भावातही नको. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं रक्तस्रावाने मरू लागली होती. शिंगं कापल्यासारख्या साध्या कामानंतरही रक्त थांबेना. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्याने शोध घेतला तेव्हा कारण निघालं बुरशी आलेलं स्वीट क्लोव्हर नावाचं द्विदल गवत. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातलं रक्त गोठू न देणारं द्रव्य वेगळं काढलं, ते डायकुमॅरॉल. त्याच वाटेने १९४८ साली उंदीर मारायचं वॉर्फरिन बाजारात आलं आणि नंतर तेच माणसांना रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलं जाऊ लागलं. बुरशीचा धुरळा माणसालाही सोडत नाही. त्यातले सूक्ष्मजीव वारंवार श्वासात गेले की फुफ्फुसांना कायमची सूज येऊ शकते. अशी गाठ सोडताना तोंडाला नीट बसणारा मास्क हवा, नुसता रुमाल पुरत नाही.

टंचाईची भीती हा विकत घेण्याविरुद्धचा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे. पाऊस दडी मारतो तेव्हा सगळ्यांचंच गवत कमी येतं, सगळेच विकत घ्यायला निघतात आणि भाव चढतो. पण त्या वर्षी घरचं रानही कोरडंच असतं हे विसरलं जातं. घरचा बेलर पाऊस पाडत नाही. या भीतीवरचा इलाज वेगळा आहे: कापणीच्या हंगामात, गवत शेतातून थेट निघत असताना घेणं, एकाच विक्रेत्याशी दरवर्षीचा शब्द करून ठेवणं आणि चांगल्या वर्षी गरजेपेक्षा दोन-तीन महिन्यांचं जास्त घेऊन ठेवणं. नीट झाकलेलं गवत वर्षभर टिकतं. जीवनसत्त्व अ ज्यापासून बनतं ते कॅरोटीन साठवणीत घटत जातं, ते दुसऱ्या मार्गाने द्यावं लागेल. प्रथिनं आणि ऊर्जा फारशी हलत नाहीत.

मधल्या वाटा

आपलं रान आणि दुसऱ्याचं यंत्र, ही जोडी लहान आणि मध्यम कळपांसाठी दोन्ही टोकांपेक्षा बरी. यंत्रवाल्याला गाठीमागे भाडं द्यायचं किंवा निघालेल्या गवतातला वाटा द्यायचा. लोखंडाचा स्थिर खर्च त्याच्या अंगावर, तो हा खर्च अनेकांच्या शेतांवर वाटतो. दोष एकच, पण मोठा: तुमचा नंबर कधी लागेल हे तो ठरवतो, आणि कोरडे चार दिवस सगळ्यांना एकदमच हवे असतात. वाट्याने देताना खताचा हिशोब विसरू नये. निम्मं गवत दिलं म्हणजे त्यातलं नत्र, स्फुरद, पालाशही दिलं. कापणी आणि ओढणीची साधी यंत्रं स्वतःची ठेवून फक्त बेलर भाड्याने बोलावणं, हाही चांगला तोडगा आहे. कापायची वेळ आपल्या हातात राहते आणि सगळ्यात महाग, सगळ्यात नाजूक यंत्र दुसऱ्याचं.

आभाळाचा भरवसाच नसेल तर ४५ ते ६० टक्के ओलाव्यावर गाठ बांधून ती प्लॅस्टिकच्या अनेक थरांत हवाबंद गुंडाळता येते. आत आंबवण होऊन तो मुरघासाचाच भाऊ होतो. वाळवणीचे दोन दिवस वाचतात, पानगळ कमी होते. पण गाठ जड होते, प्लॅस्टिकचा खर्च येतो आणि एक छिद्र पडलं की तेवढा भाग सडतो. गाठ दूरवर विकण्याजोगीही राहत नाही, कारण निम्मं वजन पाण्याचं.

बेलर, विकत, भाडं, वाटा यांपैकी काहीही निवडा, पैसे घालायची पहिली जागा माझ्या मते छप्पर आणि गव्हाण ही आहे. दीड मीटर व्यासाच्या गोल गाठीचा बाहेरचा फक्त दहा सेंटिमीटर थर खराब झाला तर चौथाई गवत गेलं. पंधरा सेंटिमीटर गेला तर छत्तीस टक्के. ओल्या जमिनीवर उघड्यावर ठेवलेल्या गाठींत एवढं नुकसान सहज होतं, छपराखाली ते पाच-दहा टक्क्यांच्या आत राहतं. छप्पर जमत नसेल तर खाली खडी किंवा लाकडी फळ्या, वर ताडपत्री, आणि गाठींच्या ओळींत वारा खेळेल एवढी जागा. जमिनीकडून येणारी ओल आभाळाकडून येणाऱ्या ओलीइतकीच वाईट असते, आणि ताडपत्री टाकून निश्चिंत झालेल्यांना ती गाठ उचलताना समजते. खाऊ घालताना तसंच. मोठी गाठ मोकळ्यावर टाकून दिली तर जनावरं तिच्यावर उभी राहतात, लोळतात, शेण टाकतात आणि तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त वाया जातो. भोवती लोखंडी कडं लावलं, खालचा भाग पत्र्याने बंद केला आणि एका दिवसापुरतंच गवत समोर ठेवलं तर हीच नासाडी दहा टक्क्यांच्या आसपास आणता येते. ५० टन लागणाऱ्याच्या घरी साठवणीतले वीस आणि गव्हाणीतले वीस टक्के वाचले, तर पुढच्या वर्षी तो तीस-पस्तीस टनांसाठीच भाव विचारायला जातो, आणि तेवढ्या टनांवर नव्या बेलरचं गणित बसत नाही.